शिरूर-दौंडच्या खालच्या खडकाची सरी

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दौंडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली होती, असं आई सांगते. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. "आपल्याकडे सगळा काळा पाषाण. मग खाली आहे तरी काय?" हा तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला.

काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. बोअरवाल्याला तो संपतच नाही असं वाटतं, पण किल्लारीत भूकंपानंतर खोदलं तेव्हा तो ३३८ मीटरवर संपला. कोयनेजवळ रासाटीला ९३३ मीटरवर. त्याखाली ग्रॅनाइट-नाइस, अडीच अब्ज वर्षांहून जुना. आणखी खाली, ३५-४० किलोमीटरवर भूकवच संपतं आणि प्रावरण सुरू होतं. तिथं बोअर पोचत नाही. तिथलं काही कळायचं तर भूकंपाच्या लाटांवरूनच.

प्रावरणात ऑलिव्हिन नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या स्फटिकात एका दिशेला लाट सेकंदाला जवळपास १० किमी जाते, दुसऱ्या दिशेला पावणेआठच. खडक तापून ताणला गेला की हे स्फटिक एका दिशेला रांगेत बसतात. आपल्याकडच्या उसाच्या रानासारखं समजा: सरी धरून पळालात तर पटकन पोचता, सरी ओलांडत पळालात तर ठेचा खात. दिशेनुसार वेग बदलण्याच्या या गुणाला ॲनिसोट्रॉपी म्हणतात. (उपमा थोडी लंगडी आहे. आपण जी लाट बघणार आहोत ती खालून वर येते, फक्त तिचं हलणं आडवं असतं. सरीशी संबंध त्या हलण्याचा.)

अशा खडकातून जाताना एका लाटेच्या दोन होतात. सरीच्या दिशेनं हलणारी आधी पोचते, आडवी हलणारी मागून. यासाठी एसकेएस नावाची लाट वापरतात, आणि ही युक्ती मला फार आवडली. समजा फिजीजवळ मोठा भूकंप झाला. त्याची लाट पृथ्वीच्या द्रवरूप बाह्य गाभ्यातून आपल्याकडे येते. द्रवात आडवं हलणं टिकत नाही, त्यामुळे वाटेतला आधीचा सगळा परिणाम पुसला जातो. चक्क रीसेट! गाभ्यातून बाहेर पडताना ती कोणत्या दिशेला हलणार हे आधीच माहीत असतं. त्यानंतर जे बदलेल ते आपल्या बाजूच्या प्रावरणानं केलेलं.

दक्षिण भारतात बऱ्याच केंद्रांवर दोन लाटांमध्ये एखाद्या सेकंदाचं अंतर मिळतं आणि वेगवान दिशा बहुतेकदा ईशान्येकडे असते. भारताची प्लेटही साधारण तिकडेच सरकतेय, वर्षाला ५ सेंमीच्या आसपास. मग ही सरी आत्ता, प्लेटच्या खालच्या मऊ थरात पडतेय? की प्लेटच्याच टणक भागात, म्हणजे शिलावरणात, अब्जावधी वर्षांपूर्वी पडून गोठली?

इथेच घोडं अडतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्टला एकूण किती वेळ लागला ते दिसतं, पण कोणत्या सर्व्हिसनं खाल्ला ते कळत नाही, तसंच हे. १०० किमी जाडीच्या थरात वेगाचा फरक साडेचार टक्के असला की एक सेकंद होतो. तो थर ५० किमीवर सुरू होतो की १५० वर, हे एसकेएस सांगत नाही. त्यात शिलावरणाच्या जाडीवरच वाद. २००७ मध्ये 'नेचर'मधल्या एका अभ्यासानं दक्षिण भारताखाली ते फक्त १०० किमी असल्याचं मांडलं, जगातल्या इतर प्राचीन भूखंडांखाली ते १८० ते ३०० असताना. नंतरच्या काहींना ते जाड दिसलं.

यावर एक जुना उपाय आहे, तो आपल्याच तालुक्यांवर लावून बघू. घोडनदीकाठी शिरूरला एक सिस्मोमीटर, भीमेकाठी दौंडला दुसरा. सरळ रेषेत अंतर ४५ किमीच्या आसपास. एसकेएस लाट वर येताना बारीक रेघेसारखी नसते, खोलवर तिचा पट्टा रुंद असतो. २०० किमीवर दोन्ही केंद्रांचे पट्टे एकमेकांवर चढतात, ४० किमीवर बरेचसे वेगळे राहतात. म्हणजे दोन्हीकडे उत्तरं ठळक वेगळी आली, तर कारण वरच्या गोठलेल्या भागात. सारखी आली, तर खोलवर असण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही, कारण वरची सरीही दोन्हीकडे सारखी असू शकते.

आईला हे सगळं सांगितलं. "म्हणजे भूकंप कधी येणार ते कळणार नाही?" नाही कळणार. आणि ही दोन यंत्रंही किमान वर्ष-दोन वर्षं चालू ठेवावी लागतील, कारण योग्य अंतरावरचे, पुरेसे मोठे भूकंप रोज होत नाहीत.