ताप, अंगावर पुरळ आणि बीपी खाली : डॉक्टरांना काय सांगाल?



१ जून ते ३१ जुलैची बंदी उठली की गोव्यातल्या जेटींवर एकच घाई उडते. दोन महिने कोपऱ्यात पडलेली जाळी बाहेर निघतात, ट्रॉलर धुतले जातात. नेमके हेच दिवस तापाचे. बहुतेक ताप आपोआप उतरतात. पण तापात अंगावर पुरळ आलं आणि माणूस गार पडू लागला, तर घरी थांबू नका. याला डॉक्टर ‘शॉक’ म्हणतात. रक्तदाब इतका खाली जातो की मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही. हातपाय गार, नाडी बारीक आणि जलद, लघवी कमी, माणूस बरळतो किंवा नुसता पडून राहतो.

हे करणारे रोग अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांकडे आधार एकच : तुम्ही सांगितलेली माहिती. आणि तीच आपण नीट सांगत नाही.

डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो. घरचे म्हणतात, बरं झालं, आणि गडी परत बोटीवर. धोका तेव्हाच सुरू होतो, कारण रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपू लागतं. पोट दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं दिसलं तर लगेच निघा. सगळे प्लेटलेट विचारत बसतात. रक्त किती दाट झालंय हेही तितकंच बघावं लागतं. एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत कामाची, पुढे आयजीएम. सातव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. म्हणून ‘ताप कधीपासून’ याचं उत्तर ‘चार-पाच दिवस असतील’ असं देऊ नका, वार सांगा.

जाळ्यांच्या खोलीत उंदीर असतातच. त्यांच्या मुतातून लेप्टो पसरतो, पायाच्या भेगांतून, हातावरच्या खरचटण्यातून शरीरात शिरतो. डोळे लाल, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखतात, पुढे कावीळ. याची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर संशयावरच औषध सुरू करतात. तो संशय यायला ‘उंदरांच्या खोलीत जाळी उपसली’ हे त्यांना कळायला हवं.

स्क्रब टायफस झाडीतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. चावल्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते. ती ना दुखते ना खाजते, म्हणून रोग्यालाच पत्ता नसतो. काखेत, जांघेत, कमरेला, बायकांच्या छातीखाली बघावी लागते. लाजू नका, बघू द्या. ती खपली सापडली तर निदान जवळजवळ झालंच, आणि डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त गोळी यावर चालते. नेहमीची अमॉक्सिसिलिन चालत नाही.

सगळ्यात झपाट्याचा आपल्याच धंद्यातला : शिंगाळ्याचा काटा, खेकड्याची नांगी, किंवा उघड्या जखमेला लागलेलं खारं-मचूळ पाणी. त्यातून व्हिब्रिओ नावाचा जंतू शिरला, तर एक-दोन दिवसांत माणूस जाऊ शकतो. जखम छोटी आणि दुखणं भलतंच मोठं, वर जांभळे फोड, ही खूण. दारूने लिव्हर बिघडलेल्यांना आणि मधुमेहींना धोका जास्त. अशांनी कच्ची कालवंही खाऊ नयेत. यात औषधाबरोबर तातडीचं ऑपरेशनही लागू शकतं. ‘हाताला लागलंय’ एवढं पुरत नाही. ‘समुद्रात काटा लागला’ असं सांगा, आणि पिता का विचारलं तर खरं सांगा. बायकोसमोर नको असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

पुरळावर काचेचा ग्लास दाबून बघा. लाल-जांभळे ठिपके फिके होत नसतील तर त्वचेखाली रक्त उतरलंय. डेंग्यूत होतं, मेंदूज्वराच्या जंतूनेही होतं. सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन. सावळ्या अंगावर ठिपके कळत नसतील तर तळहात आणि पापणीच्या आत बघा.

तांडेलांनो, बोटीवर ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. दुखणं थांबवणाऱ्या इतर गोळ्या डेंग्यूत रक्तस्राव वाढवतात. माणूस गार पडू लागला तर जाळं सोडून परत फिरा आणि वायरलेसवर कळवा. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४.