बाग, बांध आणि विषाणू : एक मागोवा

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्गाच्या शेजारी वसलेल्या जळकोटच्या शिवारात द्राक्षाचा मांडव, पपईची बाग, काकडी-कलिंगडाचे वेल आणि गाजरगवताने व केन्याने भरलेला सामाईक बांध यांचे गट सातबाराच्या उताऱ्यावर जरी निरनिराळे नोंदलेले असले, तरी वनस्पतींच्या विषाणूंना आणि त्यांचे वहन करणाऱ्या माव्याला दप्तरातील या हद्दींचे बंधन नाही. गेल्या पाऊणशे वर्षांतील विषाणुसंशोधनाकडे मागे वळून पाहता असे दिसते, की आपली दृष्टी रोगी झाडावर खिळून राहिली आणि बांधापर्यंत ती फार उशिरा पोहोचली.

आरंभीच्या संशोधकांची थोरवी मात्र यामुळे उणावत नाही. पुण्यात बी. एन. उप्पल, पी. एम. वर्मा आणि एस. पी. कपूर यांनी भेंडीचा केवडा, वेलदोड्याचा मोझॅक अशा रोगांचा छडा लावला, आणि 1948 साली, नळदुर्ग-तुळजापूरचा हा मुलूख अद्याप निजामाच्या अमलातून मोकळा होत होता त्याच वर्षी, कपूर व वर्मा यांनी मुंबई इलाख्यातील पपईच्या मोझॅकची नोंद प्रसिद्ध केली. रोगी झाडावरचा मावा अलगद उचलून निरोगी रोपावर सोडावयाचा आणि पानावर लक्षणे उमटेपर्यंत धीराने वाट पाहावयाची, ही त्या काळची मुख्य कसोटी होती. याच मार्गाने 1967 साली कपूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबूवर्गीय फळझाडांचा ‘ग्रीनिंग’ रोग सायला नावाच्या किडीमार्फत पसरतो हे दाखविले. तो रोग विषाणूचा नसून जिवाणूचा, असे पुढे निष्पन्न झाले. वाहकाविषयीचा पुण्याचा निष्कर्ष मात्र आजही अबाधित आहे.

पपईच्या रोगाचे मर्म थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण शेतकऱ्याचा सर्वाधिक पैसा तेथेच व्यर्थ जातो. ‘पपईवर व्हायरस आला’ असे ज्याविषयी म्हटले जाते, तो रिंगस्पॉट विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाला काही क्षणांत चिकटतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच अल्पकाळात उतरतो. शिवाय मावा पपईवर सहसा वस्ती करीत नाही, तर आसपासच्या पिकांतून व तणांतून उडत येऊन, एकदोन ठिकाणी चव घेऊन तो निघून जातो. फवारलेले औषध त्याला मारण्यापूर्वी त्याचे काम झालेले असते. काकडीवर्गीय वेलांवरही याच विषाणूचे प्रकार आढळतात. म्हणजे बागेच्या रोगाचे कारण पुष्कळदा बागेबाहेर असते, आणि उपाय मात्र आपण बागेतच शोधीत राहतो.

मराठवाड्याला याची जाणीव सूर्यफुलाने करून दिली. 1997 नंतर दक्षिण भारतात आणि आपल्याकडेही या पिकावर जो ‘नेक्रोसिस’ कोसळला, त्याचा विषाणू गाजरगवतात कोणतेही लक्षण न दाखविता राहतो, त्याच्या परागांतून फुलकिड्यांच्या संगतीने पिकावर येतो, हे अभ्यासान्ती कळले. निरोगी दिसणारे तण हेच रोगाचे कोठार असू शकते, ही गोष्ट केवळ लक्षणांवर विसंबणाऱ्या पाहणीच्या कक्षेत येणे अशक्यच होते.

1977 साली वनस्पतींच्या विषाणूंसाठी वापरात आलेल्या एलायझा कसोटीने ज्ञात विषाणूंचा शोध सुलभ केला. पण वनस्पतीतील समग्र विषाणुसमुदाय एकाच वेळी वाचण्याचे साधन 2009 च्या सुमारास, जनुकीय क्रमवाचनाच्या नव्या यंत्रांमुळे हाती आले. दक्षिण आफ्रिकेतील वेस्टर्न केप प्रांतात आणि फ्रान्सच्या कामार्ग प्रदेशात शेती व रान यांचे नमुने शेजारीशेजारी घेऊन केलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विषाणूंचा आढळ रानापेक्षा लागवडीच्या क्षेत्रात अधिक असल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. कारण त्यामुळे बांधावरची प्रत्येक वनस्पती अपराधी ठरवून जाळून टाकण्याच्या घाईला पायबंद बसतो. विषाणूंची ये-जा दोन्ही दिशांनी होते, आणि आपली बागच रानाला रोग देत नसेल असे खात्रीने म्हणता येत नाही.

द्राक्षाची कथा आणखी निराळी आहे. पाने वळविणाऱ्या ‘लीफरोल’ विषाणूंची नोंद 2012 मध्ये महाराष्ट्रातील द्राक्षबागांतून झाली. येथे विषाणू वाहून नेणाऱ्या पिठ्या ढेकणाइतकाच दोष रोगी वेलीच्या काडीकडे जातो. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने 1,765.67 कोटी रुपयांचा स्वच्छ रोपांचा कार्यक्रम मंजूर केला असून, त्यात द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर येथे केंद्रे योजिली आहेत. ही योजना स्तुत्य आहे. परंतु प्रयोगशाळेत निर्मळ केलेले रोप अखेर जळकोटच्याच मातीत, त्याच बांधाशेजारी लावले जाणार आहे. म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने बागेची पाहणी करताना बांधावरील तणांचे व शेजारच्या वेलपिकांचे नमुनेही दरसाल घ्यावेत, आणि बागायतदारांनी पपईच्या नव्या लागवडीजवळ काकडीवर्गीय पीक घेण्याचे टाळावे, एवढी विनंती येथे करतो.