पात्राचे माप आणि मजकुराची लांबी

कणगीत धान्य किती मावेल आणि तीत आज धान्य किती आहे, हे दोन प्रश्न कोणताही शेतकरी एकच समजत नाही. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र हेच दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळतात, आणि त्यातून उद्भवणारा दोष कित्येकदा वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. 'सी' ह्या संगणकभाषेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'साइझऑफ' देते. दुसऱ्याचे उत्तर 'स्ट्रलेन' देते.

संगणकाची स्मृती ही बाइट नावाच्या लहान कप्प्यांची एक लांबच लांब रांग होय. एखाद्या नावासाठी अशा २० कप्प्यांची जागा राखून ठेवली आणि तीत 'गंगा' हा शब्द रोमन लिपीत लिहिला, तर त्याची पाच अक्षरे पाच कप्पे व्यापतात. सहाव्या कप्प्यात शून्य ही किंमत ठेवली जाते. मजकूर संपल्याची ती खूण आहे. हे शून्य म्हणजे कागदावर छापला जाणारा शून्याचा अंक नव्हे; त्या अंकाचा ॲस्की पद्धतीतील संकेतांक ४८ आहे. येथे साइझऑफचे उत्तर २० येईल, स्ट्रलेनचे ५. अंतिम खूण स्ट्रलेनच्या गणतीत धरली जात नाही, परंतु ती जागा मात्र अडविते. तेव्हा ह्या शब्दाची नक्कल ठेवावयाची तर पाच नव्हे, सहा कप्पे हवेत. ह्या एका कप्प्याचा विसर जाणत्यांनाही पडतो.

दोहोंची रीतही निराळी आहे. ठरावीक आकाराच्या जागेचे माप आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर होत असतानाच कळते. स्ट्रलेनला मात्र प्रत्येक वेळी पहिल्या कप्प्यापासून शून्य सापडेपर्यंत चालत जावे लागते. शून्य लिहावयाचे राहून गेले असेल, तर ते राखीव जागेची हद्द ओलांडून परक्या कप्प्यांतही मोजत राहू शकते.

मग मजकुराच्या आरंभीच त्याची लांबी का लिहून ठेवली नाही? मार्टिन रिचर्ड्स ह्यांच्या बीसीपीएल भाषेत तशीच पद्धत होती. तिच्यापासून केन टॉम्प्सन ह्यांनी 'बी' भाषा घडविली आणि तीत अंतिम खूण आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास 'सी' आकारास आणताना डेनिस रिची ह्यांनी तीच चालू ठेवली. आठ-नऊ बिटांच्या कप्प्यात लांबी लिहिली, तर मजकुराच्या लांबीवरच मर्यादा पडते. आठ बिटांत २५५ च्या पुढे जाता येत नाही. शिवाय लांबीचा हिशेब सांभाळण्यापेक्षा खूण ठेवणे अनुभवांती सोयीचे वाटले, असे रिची ह्यांनी १९९३ मध्ये नमूद केले. निर्णय त्या काळी सयुक्तिक होता. त्याची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली.

सर्वांत फसवी अवस्था पुढेच आहे. ती २० कप्प्यांची रांग एखाद्या फलनाच्या हाती दिली, की त्याला मिळतो तो फक्त पहिल्या कप्प्याचा पत्ता. तेथे साइझऑफ विचारले असता पत्त्याचेच माप मिळते. आजच्या बहुतेक ६४-बिटी यंत्रांवर ते ८ असते, मग रांग २० कप्प्यांची असो वा दोन हजारांची. गंमत अशी की, नाव नेमके सात अक्षरांचे असल्यास खुणेसह आठच कप्पे लागतात, आणि चुकीची आज्ञावली त्या नावापुरती बिनचूक चालते!

पात्राचे माप न पाहता मजकूर ओतल्यास काय होते, ते नोव्हेंबर १९८८ मध्ये दिसून आले. कॉर्नेल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी 'मॉरिस वर्म' ही आज्ञावली इंटरनेटवरील हजारो संगणकांत शिरली. तिच्या मार्गांपैकी एक असा होता : 'फिंगर' ह्या सेवेने येणाऱ्या ओळीसाठी ५१२ बाइटांची जागा ठेवली होती, आणि 'गेट्स' हे वाचन-फलन जागा किती आहे हे विचारीतच नसे. वर्मने ५३६ बाइट पाठविले. जादा बाइटांनी शेजारची माहिती पुसली, आणि यंत्राचा ताबा आलेल्या मजकुराकडे गेला. 'सी'च्या २०११ च्या प्रमाणग्रंथातून गेट्स वगळण्यात आले.

देवनागरीत तर मोजणीचा आणखी एक पदर उलगडतो. यूटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'गंगा' हा शब्द वाचकास दोन अक्षरांचा दिसतो. संगणकास मात्र त्यात ग, अनुस्वार, ग आणि काना अशी चार चिन्हे दिसतात. म्हणून स्ट्रलेन १२ सांगते, आणि साठवणीस १३ कप्पे लागतात. बाराच कप्पे देऊन, शेवटचा खुणेसाठी सोडून, मजकूर बेतला, तर कान्याचे तीनांपैकी दोनच बाइट उरतात, आणि पडद्यावर 'गंग' ह्या अक्षरांपुढे एक निरर्थक चिन्ह उमटते.