इच्छास्वातंत्र्य: फलाटावर आणि कायद्यात

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी माणूस डब्यात दोन तऱ्हांनी शिरतो. एक तर तो स्वतः चढतो, नाहीतर मागचा लोंढा त्याला आत ढकलतो. लोंढ्याने ढकलले तेव्हा स्वातंत्र्य नव्हते, यावर वाद नाही. वाद चढणाऱ्याचा आहे. फास्ट लोकल सोडून डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकडायची, असे ठरवणारा मेंदूसुद्धा आधीच्या कारणांनीच घडलेला असतो. मग ठरवले कोणी?

मराठीत या प्रश्नाला लोकमान्य टिळकांनी थेट हात घातला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. ज्या कर्माचे फळ सुरू झाले ते भोगल्यावाचून सुटका नाही, हे टिळक मान्य करतात. पण आत्मा मूळचा स्वतंत्र असल्याने ज्ञानाकडे वळण्याची प्रेरणा तो देऊ शकतो, असे सांगतात. आत्मा न मानणाऱ्याला मात्र हे उत्तर पुरत नाही; त्याच्यासाठी प्रश्न मेंदूचाच उरतो.

१९८३ साली अमेरिकेत मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेट यांनी लोकांना मनात येईल तेव्हा बोट किंवा मनगट हलवायला सांगितले. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू होत होती. ‘आता हलवू’ ही जाणीव मात्र जेमतेम पाव सेकंद आधीची होती. यावरून अनेकांनी इच्छास्वातंत्र्याला भ्रम ठरवले. हा निष्कर्ष घाईचा आहे. ती सुरुवातीची विद्युत हालचाल म्हणजे निर्णय नसून मेंदूतील आपोआप होणारे चढउतार असावेत, असे मेंदूसंशोधक आरोन शुर्गर व सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले. शिवाय कारण नसताना बोट हलवणे वेगळे आणि नोकरी सोडावी का याचा महिनाभर विचार करणे वेगळे. कारणे तोलणे आणि पटल्यास वळणे, हीच माणसाची खरी मोकळीक. ती मेंदूतून घडते म्हणून खोटी ठरत नाही.

कायदाही याच मोकळिकीचे माप घेतो. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही. मनोविकारामुळे कृत्याचे स्वरूप किंवा चूक कळत नसेल, तर कलम २२ संरक्षण देते.

कारणे तोलण्याची ही क्षमता आजारात घटते आणि उपचारांनी अनेकदा परतते. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक ठाण्यात आहे. तिथल्या रुग्णालाही लागू असलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार, माहिती समजून परिणाम ओळखता येत असतील आणि निर्णय सांगता येत असेल, तर उपचारांचा निर्णय त्या रुग्णाचाच असतो.