मळ्यातले दुसरे घर

थोरल्याचे लग्न झाले की गावठाणातले घर अपुरे पडते. मळ्यात दोन खोल्या काढाव्यात असे वाटते. पण पाठोपाठ भीती येते: जमीन बिगरशेती ठरेल का? बांधलेले पाडतील का?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतीची इमारत म्हणजे काय ते सांगितले आहे. अवजारे, खत, वैरण व माल ठेवण्याची जागा आणि गुरांचा गोठा त्यात येतो. जमीनधारकाच्या कुटुंबातील माणसे, गडी किंवा कुळे यांच्या राहण्याची जागाही येते. तेव्हा लेक-सुनेच्या घराची धास्ती नको. मात्र तीच खोली बाहेरच्याला भाड्याने दिली किंवा तिथे दुकान थाटले, की हा आधार सुटतो. शहरांच्या हद्दीत आणि हद्दीलगत नियम अधिक कडक आहेत. म्हणून ग्रामपंचायतीत व तहसील कचेरीत आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी काळजी घरातलीच. सातबारा सामाईक असेल तर भावांची संमती कागदावर घ्या. आज तोंडी "बांध की" म्हणणारा भाऊ वाटणीच्या वेळी हरकत घेतो. अशी भांडणे मी नोकरीत पुष्कळ पाहिली.

जागा निवडताना भारी काळी जमीन पिकाला ठेवा. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भिंतींना तडे देते. मुरमाड उंचवटा बघा.

आधी कागद, मग कुदळ.