मुळशीचं पाणी आणि जिनिव्हाचा बोगदा

मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरतं आणि भिऱ्याला त्याची वीज होते. पण ऊर्जेपासून थेट नवं वस्तुमान? जिनिव्हाजवळ, जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळाकार बोगद्यात हेच घडतं! जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे प्रोटॉन समोरासमोर आदळतात आणि त्या ऊर्जेतून एरवी न सापडणारे जड कण क्षणभर जन्मतात. विश्वाच्या जन्मावेळी काय होतं, ते तपासायचं ते असं. अशाच टकरींतून सापडलेल्या हिग्ज बोसॉन या कणाचा शोध ४ जुलै २०१२ ला जाहीर झाला. तो टिपणाऱ्या सीएमएस यंत्राच्या घडणीत मुंबईत कुलाब्याला असलेल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा हात आहे. बोगद्यातले अवजड चुंबक तोलणारे सुमारे ७,००० जॅकही भारतातूनच गेले. केवढी अभिमानाची गोष्ट! पौड-मुळशीच्या मुलांनो, कुलाबा फार लांब नाही. भौतिकशास्त्राचा विचार नक्की करा.