झोपलेला टॅब: लॅपटॉप हलका होतो, पण अर्धवट भरलेल्या फॉर्मचं काय?

अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये टॅबची संख्या ९९ च्या पुढे गेली की आकडा गायब होतो आणि त्याच्या जागी एक हसरा चेहरा येतो. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फोनवर तो चेहरा कायमचा मुक्कामाला आहे, आणि तरी फोन बरा चालतो. तीच मंडळी लॅपटॉपवर वीस-पंचवीस टॅब उघडतात आणि पंखा घरघरायला लागतो, माऊस अडखळतो. असं का, हे मला माझ्या धाकट्या चुलतभावाने विचारलं. त्याच्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. क्लास, नोट्स, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं त्यावरच. 'नवीन घे' हे उत्तर देणाऱ्याला फुकट पडतं, म्हणून जरा नीट सांगते.

आधी फोन. तिथे ते शंभर टॅब खरं तर उघडे नसतातच. रॅम कमी पडायला लागली की मागे पडलेली पानं मेमरीतून काढून टाकली जातात. उरतो तो पत्ता, शीर्षक आणि पानाचा छोटासा फोटो. त्यामुळे जुने टॅब एकेक करून बंद केल्याने फोन फारसा वेगवान होत नाही. (रॅम साफ करून देतो म्हणणाऱ्या ॲप्सबद्दल तर बोलायलाच नको.) क्रोम आता बरेच दिवस न पाहिलेले टॅब आपणहून 'इनॲक्टिव्ह' विभागात हलवतो, आणि आयफोनच्या सफारीत एक दिवस, आठवडा किंवा महिन्यानंतर टॅब आपोआप बंद करायची सोय आहे. पसारा आवरायला हे चांगलं. वेगाशी त्याचा संबंध थोडाच.

लॅपटॉपवर मात्र ब्राउझर जास्त उदार असतो. क्रोम २००८ मध्ये आला तोच एका वेगळ्या कल्पनेवर: वेगवेगळी पानं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची शाबूत राहतात. २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाल्यावर एका साइटला दुसरीची माहिती चोरता येऊ नये म्हणून ही विभागणी आणखी कडक झाली. त्यासाठी साधारण १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते, असं तेव्हा गूगलनेच सांगितलं होतं. सुरक्षितता फुकट येत नाही, आणि मला हा सौदा पटतो. पण त्याचा भार ४ जीबीवाल्याला जास्त जाणवतो. त्यातली बरीच रॅम विंडोज स्वतःच खातं. उरलेली भरली की कॉम्प्युटर रॅममधला मजकूर डिस्कवर टाकतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू, त्यात जुनी हार्ड डिस्क असेल तर विचारूच नका. ते अडखळणं तिथून येतं.

म्हणजे टॅब किती आहेत यापेक्षा कुठले आहेत हे महत्त्वाचं. साध्या मजकुराचं पान काही दहा एमबींत भागतं. मेल, व्हिडिओ, ऑनलाइन डिझाइनची साइट यांना काहीशे एमबी सहज लागतात. विंडोजवर क्रोम उघडून शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडेल, त्यात मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड पान वर येतं. भावाच्या लॅपटॉपवर आम्ही हेच केलं. नोट्सचे डझनभर टॅब गरीब निघाले, सगळा भार तीन पानांचा होता.

आता 'निष्क्रिय टॅब' या शब्दाकडे येऊ, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी लपल्या आहेत. एसटीची कल्पना करा. पहिल्या प्रकारात प्रवासी सीटवर बसल्या बसल्या झोपलाय. त्याची बडबड बंद, पण सीट अडलेलीच. याला टॅब गोठवणं म्हणतात: प्रोसेसर आणि बॅटरी वाचते, मेमरी बरीचशी अडकलेली राहते. दुसऱ्या प्रकारात प्रवासी उतरून गेलाय, फक्त रिझर्व्हेशनच्या चार्टवर त्याचं नाव आहे. टॅबच्या पट्टीत शीर्षक आणि चिन्ह दिसतं, पण मागे पानच नाही. सीट मोकळी! क्लिक केलं की पान इंटरनेटवरून पुन्हा लोड होतं. नेट नसेल तर बहुतेक वेळा येतच नाही, हे गावी जाताना लक्षात असू द्या.

क्रोममधला 'मेमरी सेव्हर' हे दुसऱ्या प्रकारचं काम करतो. सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स' या पानावर तो सापडेल. सौम्य, मधला आणि कडक अशा तीन पातळ्या आहेत. ४ जीबीच्या मशीनवर मी सरळ कडक निवडते, ८ असेल तर मधला पुरतो. एजमधले 'स्लीपिंग टॅब्ज' मात्र मुख्यतः पहिल्या प्रकारचे, म्हणजे गोठवलेले असतात, आणि किती वेळाने झोपायचं ते आपण ठरवू शकतो. झोपलेला टॅब तिथे फिकट दिसतो. फायरफॉक्स विंडोजवर २०२१ पासून मेमरी संपत आली की आपणहून टॅब उतरवतो, आणि २०२५ च्या १४० व्या आवृत्तीपासून टॅबवर राइट क्लिक करून 'अनलोड टॅब' म्हणता येतं. मला ही पद्धत सगळ्यात आवडते, कारण निर्णय आपल्या हातात राहतो.

कारण उतरून गेलेला प्रवासी सीटवर ठेवलेली पिशवी परत आणेलच असं नाही. तुम्ही पानावर टाइप केलेला, पण सेव्ह न केलेला मजकूर म्हणजे ती पिशवी. क्रोमचा मेमरी सेव्हर अर्धवट भरलेला फॉर्म, चालू डाउनलोड, वाजणारं गाणं, स्क्रीन शेअर असलेल्या टॅबना हात लावत नाही. पण ब्राउझरला सगळंच कळतं असं समजू नका. काही फॉर्म अशा विचित्र पद्धतीने बनवलेले असतात की त्यात काही भरलंय हे बाहेरून ओळखणं अवघड. म्हणून माझी विभागणी साधी आहे: वाचायचे टॅब खुशाल झोपू द्या, लिहायचे टॅब जागे ठेवा. मेमरी सेव्हरच्याच पानावर 'या साइट्स नेहमी चालू ठेवा' अशी यादी आहे. फॉर्म भरायला बसण्याआधी त्या साइटचा पत्ता तिथे टाका, मग इतर काहीही झोपो.

फोनवर अशी यादी नाही, आणि खरा फटका तिथेच बसतो. तुम्ही परीक्षेचा फॉर्म भरताय, ओटीपी येतो, तुम्ही मेसेजच्या ॲपमध्ये जाता, मग जरा व्हॉट्सॲप, मग फोटो शोधायला गॅलरी. परत येता तर पान कोरं! साइट बिघडलेली नसते. कमी रॅमच्या फोनने मधल्या वेळेत ते पान मेमरीतून काढलेलं असतं. यावर उपाय: ओटीपी वरच्या नोटिफिकेशनमधूनच वाचा, ब्राउझर सोडू नका. फोटो आणि सही योग्य आकारात आधीच एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. लांब उत्तरं नोट्सच्या ॲपमध्ये लिहून मग चिकटवा. 'सेव्ह ड्राफ्ट'चं बटण असेल तर प्रत्येक पानावर दाबा. आणि फी भरताना पान पुन्हा लोड झालं, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी बँकेचा मेसेज किंवा खातं बघा, पैसे गेलेत का ते.

शेवटी एक्स्टेन्शनबद्दल. टॅब झोपवणारी खूप एक्स्टेन्शन मिळतात, आणि 'द ग्रेट सस्पेंडर' त्यातलं सगळ्यात गाजलेलं, २० लाखांच्या आसपास वापरणारे. २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात मालवेअर असल्याचं सांगून ते काढून टाकलं. असं एक्स्टेन्शन तुमचे सगळे टॅब पाहू शकतं, बँकेचा टॅबसुद्धा. आता हीच सोय ब्राउझरमध्येच असताना ते लावायचं कारण मला दिसत नाही. एखादं जुनं लावलेलं असेल तर काढण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबून सगळे टॅब बुकमार्क करून घ्या. एक्स्टेन्शन गेलं की त्याने झोपवलेली पानंही बऱ्याचदा त्याच्याबरोबर जातात.